नटवलेला ट्रक

जुना ट्रक खरवडून, रंगवून, पॉलिश करून काचेच्या दाराआड उभा केला म्हणजे तो जपला, असं मला वाटत नाही. उलट त्या दिवशी तो ट्रक संपला, असंच मी म्हणेन.

मंडळाच्या मागच्या चर्चेत 'वारसा' हा विषय होता. किल्ले झाले, वाडे झाले, जुनी चर्चेस झाली, पोथ्या झाल्या. मी ट्रकचं नाव काढलं तेव्हा दोघं-तिघं हसले. वेळ संपत आली होती, म्हणून मीही हसून गप्प बसलो. पण मनात राहिलं, म्हणून हे लिहितोय. ज्या ट्रकबद्दल लिहितोय तो बेळगावातला नाही, अमेरिकेत आयोवा राज्यात माझ्या मामाच्या दारात उभा आहे. गेली दोन वर्षं आमच्या घरात त्याच्यावरून वाद चालू आहे आणि त्या वादात मी एक बाजू घेतली आहे.

आधी ट्रकची ओळख करून देतो, कारण त्याशिवाय वाद कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात डॉज कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी पाऊण टनी ट्रक बनवले. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारे. 1942 पासून युद्ध संपेपर्यंत असे अडीच लाखांच्या आसपास ट्रक कारखान्याबाहेर पडले. चिखल, वाळू, बर्फ, काहीही असो, ते निघायचे. युद्ध संपलं, आणि 1946 मध्ये कंपनीने त्याच सांगाड्यावर बंद केबिन आणि मागे आठ फुटी हौदा बसवून तो सर्वसामान्य लोकांना विकायला काढला. नाव ठेवलं पॉवर वॅगन. शेतकरी, लाकूडतोडे, विजेच्या तारा ओढणाऱ्या कंपन्या, जंगलातल्या आगी विझवणारं वनखातं, असे त्याचे गिऱ्हाईक. अमेरिकेत तो 1968 पर्यंत विकला गेला, बाहेरच्या देशांसाठी तर त्यानंतरही दहाएक वर्षं बनत राहिला. एवढ्या काळात तोंडावळा जवळपास तोच. गोल मडगार्ड, अरुंद बॉनेट, पुढे विंच. देखणा म्हणावा असा अजिबात नाही. डबडं आणि बैल यांच्या मधलं काहीतरी.

ताकद ऐकाल तर हसाल. सुरुवातीच्या सहा सिलिंडरच्या, 3.8 लिटर पेट्रोल इंजिनाला 94 हॉर्सपॉवर. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅक मोटारीलाही आता जवळजवळ एवढी असते. पण ती ताकद वेगासाठी नव्हतीच. पहिला गिअर आणि लो टाकला की माणूस शेजारून गप्पा मारत चालत जाईल इतक्या सावकाश तो चढ चढतो, आणि थांबत नाही. शिवाय गिअरबॉक्समधून ताकद बाहेर काढायची सोय होती. ट्रक उभा करून त्या जोरावर पुढचा विंच ओढायचा, किंवा मागे पट्टा लावून करवत नाही तर मळणीयंत्र चालवायचं. म्हणजे हा ट्रक गाडीही होता आणि शेतातलं इंजिनही.

मामाने घेतलेला ट्रक 1952 चा. एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे अकरा वर्षं उभा होता. हौद्याची फळी कुजलेली, डाव्या दाराला पोचा, रंग म्हणाल तर तीन थरांचे तीन हिरवे. उजव्या मडगार्डवर जुन्या मालकाने वेल्डिंगने ठिगळ लावलेलं. ते ठिगळ इतकं ओबडधोबड आहे की आमच्या इथला कुठलाही पोरगा त्याहून बरं मारेल.

मामाने पहिल्या हिवाळ्यात तो चालता केला. व्हिडिओ कॉलवर मी बघत होतो, म्हणून सांगतो, यातलं बहुतेक काम कुणालाही शिकता येण्यासारखं आहे. त्या इंजिनाचे व्हॉल्व्ह वर डोक्यात नसतात, बाजूला ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे हेड म्हणजे नुसतं एक जाड झाकण. बोल्ट काढले, झाकण उचललं की पिस्टन, व्हॉल्व्ह, साचलेला कार्बन, सगळं डोळ्यांसमोर. हवा गाळायला कागदी फिल्टर नाही, खाली तेलाची वाटी असते आणि आत येणारी धूळ त्या तेलात बसते. वाटी काढा, गाळ ओता, पुसा, नवं तेल भरा, झालं. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरची. साधारण हजार मैलांवर खाली झोपून निपल शोधत शोधत ग्रीस मारायचं. पुढच्या चाकांजवळचे गोल सांधे ग्रीस गाळतातच, त्याला इलाज नाही. मामाच्या गॅरेजात तिथे कायम एक पुठ्ठा अंथरलेला असतो.

सुट्या भागांचा प्रश्न मला मोठा वाटत होता, तो निघाला नाही. त्याच आयोवात फेअरफील्ड नावाच्या गावी खास याच ट्रकांवर जगणारं एक दुकान आहे. (शेवरोलेच्या त्या काळच्या ट्रकवाल्यांचं दुखणं जास्त. 1953 पर्यंतच्या त्यांच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग म्हणजे वितळवून ओतलेला मऊ धातू. ते ओतून, घासून बसवणारे कारागीर आता फार थोडे उरलेत.) खरा त्रास पेट्रोलचा. तिकडे पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा मामाला बदलावा लागला. आपल्याकडे आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आहे. तेव्हा ज्यांच्या घरी जुनी स्कूटर आहे त्यांनी एकदा खाली वाकून पाइप दाबून बघावा.

ट्रक चालू झाला आणि वादही सुरू झाला. मामाच्या ओळखीचे जे जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत त्यांनी बघता क्षणी एकच विचारलं, "रिस्टोर कधी करतोस?" म्हणजे सांगाड्यापर्यंत उघडा करायचा, वाळूचा मारा करून सगळा रंग आणि गंज काढायचा, पत्रा नवा बसवायचा, कारखान्यातल्या मूळ रंगांपैकी एक मारायचा. मामीलाही ते पटलं. दारात भंगार उभं आहे असं शेजारी म्हणतील, ही तिची धास्ती. एका रंगकाम करणाऱ्याकडून अंदाजपत्रकही आलं. आकडा सांगत नाही, पण ट्रक जेवढ्याला घेतला त्याच्या चौपट. याहून पुढची मंडळीही तिकडे आहेत. ते जुन्या सांगाड्यात आजचं व्ही-8 इंजिन, एअर कंडिशनर, चामड्याच्या सीटा बसवून लाखो डॉलरना विकतात. घेणारा तो कधी चिखलात घालत नाही, हे सांगायला नको. सगळ्यात मजा वाटली ती वेगळ्याच फॅशनची. नव्या पत्र्यावर मुद्दाम गंजासारखा रंग मारून देणारेही आहेत. म्हणजे खरा गंज काढायला पैसे आणि खोटा चढवायलाही पैसे!

माझं म्हणणं सरळ आहे. राजाची बग्गी असेल, महागडी मोटार असेल, तर तिची शोभा हेच तिचं काम होतं. ती चकचकीत ठेवा. पण हा ट्रक ज्याने बनवला त्याने दिसण्याचा विचार केलाच नव्हता. ज्याने वापरला त्याने त्यावर पोचे पाडले, ठिगळं लावली, हौदा बदलला. हीच त्याची हकिकत आहे. ते ओबडधोबड वेल्डिंग काढलं की कुठल्या तरी सकाळी, पेरणीच्या घाईत, शेजारी उसनी मशीन मागून एका शेतकऱ्याने मारलेला तो डाग जातो. (पेरणीची घाई ही माझी कल्पना, पण घाई होती हे डाग बघून कळतं.) त्या जागी जो गुळगुळीत पत्रा येतो त्यावर कुणाचंच काही लिहिलेलं नसतं.

मग जपायचं म्हणजे काय करायचं? चालू ठेवायचं. आणि ते रंगवण्याहून फार अवघड आहे. रंगवणं एकदाचं असतं, पैसे टाकले की दुसरा करून देतो. चालू ठेवायला स्वतःला शिकावं लागतं, आणि शिकताना चुकावं लागतं.

मामा कसा चुकला ते सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. पुढच्या विंचला इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातून येते. दांडा विंचला जिथे जोडलेला असतो तिथे एक साधी, मऊ लोखंडाची पिन असते. बोटाएवढी. ओढायचं वजन विंचच्या कुवतीबाहेर गेलं की ती पिन आधी तुटते. आपल्या घरातला फ्यूज उडतो ना, तसंच. स्वस्तातली पिन जाते आणि महागाचे गिअर वाचतात. मामा एक झाडाचा बुंधा उपटत होता. पिन तुटली. नवी घातली, तीही तुटली. तिसऱ्या वेळी तो वैतागला आणि डब्यातला एक चांगला, कडक पोलादी बोल्ट घालून मोकळा झाला. बोल्ट तुटला नाही. विंचचं ओतीव घर फुटलं, आतले गिअर गेले. बुंधा होता तिथेच.

हे त्याने कॉलवर सांगितलं तेव्हा आजोबा शेजारी बसले होते. माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, ट्रक ड्रायव्हर होते. आणि इथे अमेरिकेच्या ट्रकाचा आणि आपला खराखुरा संबंध येतो. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून मोटारी आणि ट्रक बनवायला घेतले. डॉज ही क्रायस्लरचीच. आपल्याकडचे ते डॉज, फार्गो, डिसोटो नावांचे ट्रक म्हणजे पॉवर वॅगनचे चुलत भाऊच. खुद्द पॉवर वॅगनही काही देशांत फार्गो या नावाने विकला गेला आहे. आजोबांनी सत्तरच्या दशकात असाच एक फार्गो चालवला, दुसऱ्याचा, पगारावर. बेळगावहून बटाटे, मिरची भरायची आणि आंबोली घाटाने सावंतवाडीला उतरायचं.

तर आजोबा एवढंच म्हणाले, "मऊ पिन उगीच घालत्यात काय रे? काहीतरी तुटायचंच असतंय. काय तुटायचं ते आधी ठरवून ठेवलंय त्यांनी." मग जरा थांबून, "इथं असतास तर उद्यमबागेत नवं घर ओतून दिलं असतं कुणीतरी."

मी त्या पिनचा पुष्कळ विचार केला. कोणी तरी 1940 च्या दशकात टेबलाशी बसून असा विचार केला होता की हे यंत्र वापरणारा थकलेला असेल, चिडलेला असेल, गावापासून लांब असेल. तेव्हा बिघडायचंच तर असं बिघडू दे की त्याला खिशातल्या वस्तूने दुरुस्त करता येईल. हा विचार प्रदर्शनात उभ्या ट्रकमध्ये दिसत नाही. तिथे पिन असते, पण ती कधी तुटतच नाही. मामालाही तो विंच मोडल्याशिवाय कळला नाही, आणि मला आजोबा बोलल्याशिवाय.

आजची यंत्रं बरोबर उलट्या विचाराने बनतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिकडे शेतकऱ्यांची ट्रॅक्टर कंपन्यांशी त्यावरूनच भांडणं चालली आहेत. ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, पण आतलं सॉफ्टवेअर उघडायची चावी कंपनीच्या डीलरकडे. ऐन कापणीत यंत्र अडलं तर माणूस येईपर्यंत बसून राहायचं. कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो पुढच्या वर्षी लागू झाला. आपल्या ग्राहक मंत्रालयानेही 2022 मध्ये याच विषयावर समिती नेमली. पण हा हक्क कागदावर मिळाला तरी दुरुस्ती करणारा हात हवा. तो हात चालत्या यंत्रावर तयार होतो.

आता कायद्याची गंमत बघा. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला 'अँटिक' म्हणून वेगळी नंबरपाटी मिळते. कर कमी, कटकट कमी. पण अट अशी की गाडी प्रदर्शनाला, मिरवणुकीला, क्लबच्या मेळ्याला न्यायची. रोजच्या कामाला लावायची नाही. मोटारीला हे ठीक. ट्रकला तुम्ही सांगता, काम करणार नाहीस तर तुझा मान ठेवतो. मामाने म्हणून ती पाटी घेतलीच नाही, साधी घेतली.

आपल्याकडे तर आणखी पुढची पायरी. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा खासगी वापराची मोटार, मूळ रूपात ठेवलेली, तर नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. मालवाहू ट्रक त्या व्याख्येतच नाही. समजा उद्या घेतला, तरी 'मूळ रूप' कुठून आणणार? आपल्याकडे ट्रक घेतला म्हणजे चेसिस, इंजिन आणि पुढचं तोंड घेतलं. केबिन आणि हौदा इथल्या सुताराने, लोहाराने बांधला. रंग इथल्या पेंटरने काढला. पुढे इंजिन बदललं, पाटे वाढवले. आजोबांचा फार्गो कुर्ल्याचा किती आणि बेळगावचा किती, हे कुणी सांगावं? अशा गाडीचा मूळ दिवस कुठला धरायचा? आणि तो ट्रक आज आहे कुठे? आजोबांना ठाऊक नाही. भंगारात गेला असणार. घाटात तेव्हा किती फार्गो असतील, त्यातला एक तरी तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का?

माझ्या म्हणण्यावर आक्षेप घेता येतात, ते मला मान्य आहेत. पहिला, जिवाचा. त्या ट्रकला सीटबेल्ट नाही. स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीवर रोखलेला. ब्रेकचं तेल चारही चाकांना एकाच वाटेने जातं. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. इथे मी मूळ रूपाचा हट्ट धरणार नाही. मामाने दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला, बेल्ट लावले, बरं केलं. कामाच्या गाडीत तिच्या मालकांनी नेहमीच असे बदल केलेत, तेव्हा यात तिचा अपमान नाही. दुसरा, धुराचा आणि पेट्रोलचा. लिटरला चार किलोमीटरच्या आतबाहेर. रोज कामावर जायला ही गाडी वापरणारा माणूस मला शहाणा वाटणार नाही. वर्षाला पाच-सातशे किलोमीटर, तेही खऱ्या ओझ्यासाठी, एवढंच मी मागतोय.

तिसरा आक्षेप आजोबांचा, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मामा एकदा डबल क्लच मारून गिअर कसा टाकतो ते कौतुकाने दाखवत होता. म्हणाला, "अप्पा, ह्यात जी मजा आहे ना, ती नव्या गाडीत नाही." आजोबा बघत राहिले. मग म्हणाले, "तुला मजा आहे बाबा. मला पोट होतं." घाटात उतरताना इंजिनाच्या उष्णतेने त्यांचे पाय भाजायचे. पावसात वायपर बंद पडला की क्लीनरने बाहेर लटकून काच पुसायची. एकदा एक्सल तुटला तेव्हा दोन रात्री त्यांनी घाटात ट्रकखाली काढल्या होत्या. त्यांना त्या दिवसांची आठवण आहे, ओढ नाही. नवीन पॉवर स्टिअरिंगचा ट्रक पाहिला की ते आजही म्हणतात, असला मिळाला असता तर खांदे शाबूत राहिले असते.

तेव्हा विमा कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या मामाने शनिवारी ट्रकमध्ये चार ओंडके भरून आणणं, यात थोडं नाटक आहेच. जुन्या कष्टांचं कौतुक ज्याला ते करावे लागत नाहीत तोच करतो, हेही खरं. पण मला वाटतं, रंगवून उभा केलेला ट्रक याहून मोठं खोटं बोलतो. त्यात भाजलेले पाय नसतात, तुटलेला एक्सल नसतो, क्लीनर तर नसतोच. चालत्या ट्रकमध्ये निदान खांदा दुखतो. मामाचा दुखतो. आणि खांदा दुखायला लागल्यापासून तो आजोबांना वेगळे प्रश्न विचारायला लागलाय, हे मी कानांनी ऐकलंय. आधी फोनवर त्या दोघांचं तब्येत आणि हवापाणी याच्या पलीकडे बोलणं नसायचं. आता तासभर चालतं. उतारावर कुठल्या गिअरला उतरायचं, लायनर जळाल्याचा वास कसा असतो, पाटा तुटला तर लाकडाची फळी बांधून गाडी गावापर्यंत कशी आणायची. यातलं एकही मी आधी ऐकलं नव्हतं, आणि मी त्यांच्याच घरात वाढलोय.

गेल्या जानेवारीत तिकडे बर्फात शेजाऱ्याची नवी गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली. मामा ट्रक घेऊन गेला. विंच नुकताच दुरुस्त झालेला. पहिल्या ओढीला पिन तुटली. त्याने डॅशबोर्डवरच्या डब्यातून दुसरी काढली, हातमोजे काढून बसवली, दोर जरा तिरका होता तो सरळ करून घेतला, आणि गाडी वर आली. रात्री फोनवर आजोबांनी गाडीबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, "पिन मऊच घातलीस ना?"

रंगाचं अंदाजपत्रक अजून फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं आहे. मामी म्हणते, उन्हाळ्यात बघू.